पडद्यामागच्यांची पंगत वेगळी

अमेरिकेतल्या टेलिव्हिजनच्या सर्वात मोठ्या पारितोषिकाला 'एमी' म्हणतात. हे नाव कुणा नटीचं नाही, कुणा देवीचं नाही, कुणा शेठजीच्या मयत मातोश्रींचंही नाही. हे एका नळीचं नाव आहे. 'इमेज ऑर्थिकॉन' नावाची काचेची नळी, १९४० च्या दशकात आर.सी.ए. कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालेली. ती टीव्हीच्या कॅमेऱ्याच्या पोटात बसायची आणि उजेडाची वीज करायची. कॅमेऱ्यावर राबणारे लोक तिला 'इमी' म्हणायचे. हॅरी लुबके नावाच्या इंजिनिअरनं तेच नाव पारितोषिकाला सुचवलं. पुतळा बाईचा होता, म्हणून इमीची एमी झाली. म्हणजे हे हत्याराचं नाव आहे, दोस्तांनो. कामावरच्या माणसांच्या तोंडातून पडलेलं नाव. आम्ही गोदीत क्रेनला, दोरखंडाला, हातातल्या आकड्याला नावं ठेवतो, त्यातलं एखादं.

पुतळ्याचंही तसंच. ४७ नमुने नाकारून झाल्यावर लुई मॅकमॅनस नावाच्या टीव्ही इंजिनिअरचं चित्र पसंत पडलं. त्यानं आपल्या बायकोला समोर उभं करून ते काढलं होतं. पंख असलेली बाई, हातात अणू. पंख कलेचे, अणू विज्ञानाचा. वजन सुमारे ३ किलो.

पहिला समारंभ २५ जानेवारी १९४९ ला लॉस एंजलिसमध्ये झाला. तिकीट ५ डॉलर. पारितोषिकं सगळी मिळून ६. त्यातलं एक तांत्रिक कामाला होतं आणि एक खास पारितोषिक मॅकमॅनसला, पुतळा घडवला म्हणून. सहातली दोन! एकाच रात्री, एकाच छताखाली, एकाच मंचावर.

आणि आज? आज एमीची मुख्य रात्र असते. जगभर दाखवतात, नट्यांच्या झग्यांची चर्चा आठवडाभर चालते. त्या मंचावर नळीवाले नसतात. नळीचं नाव मंचावर, नळीवाला मंचाखाली. हा काय प्रकार आहे, हे मला माझ्या भाषेत तुम्हाला सांगायचंय.

पंगती

आपल्याकडे गावजेवण कसं असतं? पहिली पंगत कुणाची, दुसरी कुणाची, आणि पत्रावळी उचलायच्या वेळी कोण कुठे उभं असतं, हे या अंकाच्या वाचकाला शिकवायची गरज नाही. एमीचं जेवणही तसंच वाढलं जातं.

पहिली पंगत मुख्य रात्रीची. नट, नट्या, लेखक, दिग्दर्शक आणि मालिकेचे निर्माते.

दुसरी पंगत 'क्रिएटिव्ह आर्ट्स'ची. मुख्य रात्रीच्या साधारण आठवडाभर आधी. छायाचित्रण, संकलन, ध्वनी, वेशभूषा, केशभूषा, रंगभूषा, कलादिग्दर्शन, स्टंट, दृश्यपरिणाम अशी सगळी कामं इथे. अधूनमधून आलेले पाहुणे कलाकारही याच पंगतीत. पारितोषिकं इतकी की २०१६ पासून ती दोन दोन रात्री वाटावी लागतात. २०२४ साली ७ आणि ८ सप्टेंबरला हा सोहळा झाला, आणि नंतर तो कापून-छाटून एफएक्सएक्स नावाच्या वाहिनीवर दाखवला. मुख्य सोहळा १५ सप्टेंबरला, एबीसीवर, जसाच्या तसा, घडत असताना.

तिसरी पंगत इंजिनिअरांची. नवी यंत्रं, नव्या पद्धती शोधणाऱ्यांचा सोहळा आणखीच वेगळा. तो घराघरातल्या टीव्हीवर बघायला मिळत नाही.

आणि चौथ्या पंगतीला पानच मांडलेलं नाही. ट्रक भरणारा, रिकामा करणारा, भर उन्हात केबलची भेंडोळी ओढणारा, पहाटे चारला सगळ्यांचा नाश्ता मांडणारा. यांच्यासाठी वर्ग नाही, रात्र नाही, पुतळा नाही.

आता आकडे बघा. २०२४ साली 'शोगुन' या मालिकेनं एका हंगामात १८ एमी मिळवले. असा विक्रम त्याआधी कुणी केला नव्हता. जगभर मथळे झाले. पण त्या १८ पैकी १४ मुख्य रात्रीच्या आधीच मिळालेले होते, दुसऱ्या पंगतीत. कशाकशाला? छायाचित्रण, संकलन, वेशभूषा, केशभूषा, रंगभूषा, कृत्रिम अवयवांची रंगभूषा, कलादिग्दर्शन, ध्वनिसंकलन, ध्वनिमिश्रण, दृश्यपरिणाम, स्टंट, श्रेयनामावलीची रचना, कलाकारांची निवड, आणि एक पाहुण्या नटाला. मुख्य रात्री मिळाले ते ४. विक्रमाची इमारत १८ मजल्यांची, त्यातले १४ मजले अंधारात बांधले गेले आणि फोटो निघाला वरच्या चार मजल्यांचा.

फार्न्सवर्थचं नाव, कंपनीचा पुतळा

तिसऱ्या पंगतीतला एक किस्सा सांगतो. फायलो फार्न्सवर्थ हा शेतकऱ्याचा पोरगा. वय १४. आयडाहो राज्यात बटाट्याच्या शेतात नांगर धरलेला असताना त्याला शेतातली तासं दिसली, एकाखाली एक, सरळ. त्याच्या डोक्यात आलं की चित्रसुद्धा असंच एकेका ओळीनं पाठवता येईल. ७ सप्टेंबर १९२७ ला, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यानं सॅन फ्रान्सिस्कोत पूर्ण इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं चित्र पाठवून दाखवलं. चित्र म्हणजे काय, तर एक रेघ. तीच टीव्हीची सुरुवात.

मग आली आर.सी.ए. कंपनी. तिच्याकडे वकिलांची फौज. शोध आमचाच, असा दावा. १९३४ साली पेटंट कार्यालयानं निकाल फार्न्सवर्थच्या बाजूनं दिला. १९३९ साली कंपनीला १० लाख डॉलर मोजून त्याच्या पेटंटचा परवाना घ्यावा लागला. पण युद्ध आलं, टीव्हीचं काम थांबलं, पेटंटची मुदत सरत गेली. १९७१ साली तो गेला, तेव्हा सामान्य माणसाला त्याचं नावही माहीत नव्हतं.

आता त्याच्या नावानं एमीमध्ये एक पारितोषिक आहे. ते कुणाला देतात माहीत आहे? कंपन्यांना! 'फायलो टी. फार्न्सवर्थ कॉर्पोरेट अचिव्हमेंट अवॉर्ड'. जो माणूस आयुष्यभर कंपनीशी भांडला, त्याचं नाव कोरून पुतळा कंपनीच्या काचेच्या कपाटात. मेलेल्या माणसाला व्यवस्था कशी पचवते, ते इथे बघा. आपल्यालाही हा अनुभव नवा नाही. जिवंतपणी ज्याला दारात उभं केलं नाही, त्याच्या नावाचे चौक करून तिथे भाषणं ठोकणारे आपण पाहिलेत.

'वेळ कुठे आहे?'

आता समोरचा म्हणेल, अरे बाबा, पारितोषिकं शंभराच्या वर, कार्यक्रम तीन तासांचा. सगळी कशी बसवायची? यात जातपात कुठून आणलीस? हा साधा वेळेचा हिशोब आहे.

मी या म्हणण्याला हसत नाही. हिशोब खरा आहे. शंभर माणसं मंचावर आली, प्रत्येकानं आईबापाचे आभार मानले, तर सकाळ होईल. आणि वेगळ्या रात्रीचा एक फायदाही आहे. तिथे ध्वनिमिश्रणवाल्याचं भाषण ऐकायला ध्वनीचीच माणसं बसलेली असतात. त्याला कळतं की समोरच्याला आपलं काम कळतं. हे सुख मुख्य रात्री मिळणार नाही, हेही मला कबूल.

पण हिशोब मांडणारा कोण? वेळ कमी पडते तेव्हा कोणाचं पान आधी उचलायचं, हे कोण ठरवतं? तीन तासांत सूत्रधाराचे विनोद बसतात, गाणी बसतात, जाहिराती तर बसतातच बसतात. बसत नाही तो फक्त कात्रीवाला आणि सुईवाला. वेळेचा हिशोब म्हणून जे सांगतात, ते किमतीचं गणित असतं. नटीच्या चेहऱ्यावर जाहिरात विकली जाते, ध्वनिमिश्रकाच्या चेहऱ्यावर विकली जात नाही. सरळ बोला ना!

सिनेमावाल्यांच्या ऑस्करनं हा प्रयोग करून पाहिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झालं की छायाचित्रण, संकलन, रंगभूषा-केशभूषा आणि एका लघुपटाचं पारितोषिक जाहिरातींच्या वेळात उरकून घेणार. बोंबाबोंब झाली. मोठमोठे दिग्दर्शक आणि कॅमेरामन उठले, आणि चार दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. तरी खोड गेली नाही. मार्च २०२२ मध्ये ८ पारितोषिकं प्रक्षेपणाच्या आधीच वाटली आणि नंतर कापून मधेमधे दाखवली. त्यात संकलनाचं पारितोषिकही होतं. म्हणजे संकलकाचा सन्मानच संकलित! कात्री त्याच्याच गळ्याला. पुन्हा आरडाओरडा झाला, आणि २०२३ साली सगळी पारितोषिकं परत एका रात्रीत आली. हिशोब तेव्हा कसा बसला? बसवला म्हणून बसला. माणसं ओरडली म्हणून बसला.

पण गळ्यात गळा घालायची घाई नको

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, वा, पडद्यामागचे सगळे आपले भाऊ. थांबा. शिडी अशी असते की प्रत्येक पायरीवरच्याला खाली लाथ मारायला कुणीतरी मिळतं. बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलं होतं की ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, आणि तीही खालीवर. अमेरिकेत जात नाही, वर्ण आहे. तिथल्या पडद्यामागची गोष्ट ऐका.

१९६९ साली तिथल्या समान रोजगार संधी आयोगानं लॉस एंजलिसमध्ये सुनावण्या घेतल्या. विषय होता हॉलिवूडचे स्टुडिओ आणि कामगार संघटना यांच्यातला वर्णभेद. काय बाहेर आलं? तंत्रज्ञांची 'अनुभवी माणसांची यादी' असायची. काम आधी यादीतल्याला. यादीत यायचं तर कामाचा अनुभव हवा. अनुभव हवा तर काम हवं. आणि काम तर यादीतल्यालाच! काळा माणूस या चक्रात शिरणार कुठून? बापाच्या जागी मुलगा, काकाच्या जागी पुतण्या. आपल्या पुजाऱ्याच्या वतनासारखं कॅमेऱ्याचं वतन.

जेसी मेपल ही काळी बाई. न्यू यॉर्कच्या कॅमेरामन संघटनेत शिरणारी पहिली काळी स्त्री. १९७० च्या दशकात ती कोर्टात लढली, तेव्हा कुठे टीव्हीच्या बातम्यांसाठी कॅमेरा खांद्यावर घेता आला. मग तिनं आपल्यासारख्या इतर बायकांना वाट कळावी म्हणून संघटनेत कसं शिरायचं याचं पुस्तकच लिहिलं आणि स्वतः छापलं. २०२३ साली ती वारली. पुतळ्यांच्या रात्रींपेक्षा मला तिचं ते स्वतः छापलेलं पुस्तक मोठं वाटतं. ज्यानं कुलूप तोडलं, त्यानं पुढच्याला किल्ली करून ठेवली.

आणि नुसती माणसंच नाहीत, यंत्रसुद्धा भेद शिकलेलं असतं. कोडॅक कंपनी रंगीत फिल्मचे रंग बरोबर आलेत की नाही हे तपासायला एक कार्ड द्यायची. त्यावर गोरी बाई. 'शर्ली कार्ड' म्हणायचे त्याला. गोरी बाई नीट दिसली की रंग 'बरोबर'. मग काळा माणूस त्या फिल्मवर कसा दिसायचा? नुसते डोळे आणि दात. तक्रार काळ्यांनी केली तर ऐकणारं कोण! कोडॅकमधल्या जुन्या माणसांनीच पुढे सांगितलं की लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्यांनी आमचे तपकिरी रंग नीट येत नाहीत म्हणून कुरकुर केली, तेव्हा फिल्म सुधारायचं मनावर घेतलं गेलं. चॉकलेटला इज्जत आधी, माणसाला नंतर! सावळ्या चेहऱ्यावर पावडरीचा थर चढवून त्याला 'कॅमेऱ्यासाठी लागतो' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कॅमेऱ्याला काही लागत नाही. कॅमेरा ज्यानं बनवला त्याला लागतं.

म्हणून मी म्हणतो, पडद्यामागच्यांचा सन्मान जरूर व्हावा, पण पडद्यामागे कोण शिरू शकलं आणि कोण दारातच राहिलं, हा प्रश्न पुतळ्याआधी विचारला पाहिजे.

पुतळा की झोप

आता त्या माणसांना स्वतःला काय हवं आहे, ते ऐकू.

मार्च १९९७. ब्रेंट हर्शमन, सहायक कॅमेरामन. 'प्लेझंटव्हिल' नावाच्या सिनेमाचं काम. १९ तासांचा दिवस संपवून तो गाडी चालवत घरी निघाला, डोळा लागला, आणि मेला. वय ३५. त्याच्या सोबत्यांनी मागणी केली की दिवसाला १४ तासांच्या वर काम नको. १४! आपल्या आजोबांच्या पिढीनं गिरण्यांत आठ तासांसाठी रक्त सांडलं, आणि जगातल्या सर्वात श्रीमंत करमणुकीच्या धंद्यात माणसं चौदा तास द्या म्हणून अर्ज करतात. तोही मंजूर झाला नाही. हॅस्केल वेक्सलर हा दोन ऑस्कर मिळवलेला म्हातारा कॅमेरामन. त्याला राहवलं नाही, त्यानं या मरणावर आणि झोपेच्या चोरीवर २००६ साली माहितीपट काढला. पुतळे घरी असलेल्या माणसानं पुतळ्यांपलीकडचं बोललं पाहिजे, ते असं.

पुढे २०२१. सप्टेंबरमध्ये क्रिएटिव्ह आर्ट्सचे पुतळे वाटून झाले, टाळ्या झाल्या. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात याच तंत्रज्ञांच्या संघटनेनं, आय.ए.टी.एस.ई.नं, संपासाठी मतदान घेतलं. सुमारे ६०,००० कामगारांचा करार होता. ९८ टक्के मतं संपाच्या बाजूनं. मागण्या काय? दोन पाळ्यांच्या मधे पुरेशी विश्रांती. जेवायची सुट्टी. तळातल्या माणसाला जगता येईल एवढा पगार. पुतळा कुणी मागितला नव्हता! संप झाला नाही, तडजोड झाली. पाळी संपल्यावर १० तासांची मोकळीक कबूल झाली. करार मंजूर झाला, पण सभासदांच्या सरळ मतांत हो म्हणणारे ५०.३ टक्के आणि नाही म्हणणारे ४९.७. म्हणजे अर्धे लोक म्हणाले, एवढ्यावर भागत नाही.

पुतळा द्यायला मालकाला काही लागत नाही. तीन किलोचा धातू आणि एक संध्याकाळ. दहा तासांची झोप द्यायची तर शूटिंगचे दिवस वाढतात, पैसा वाढतो. म्हणून पुतळा हसत देतात, आणि झोप मतदान घेतल्यावर देतात. आम्हा गोदीतल्या माणसाला हे लगेच कळतं. मी जिथे काम केलं अशा एका ठिकाणी सुरक्षिततेचं पारितोषिक आलं होतं. वर्षभर अपघात नाही म्हणून. मंचावर गेला तो साहेब. ज्यांनी वर्षभर लोंबकळत्या बोज्याखाली मान वर ठेवून काम केलं, त्यांना त्या दिवशी एक समोसा आणि टोपी. टोपी फाटली. समोशाचं काय झालं ते सांगायला नको.

आपल्या मुंबईत

कुणी म्हणेल, अमेरिकेचं सोड, इथलं बोल. बोलतो.

मुंबईत टीव्हीचं काम करणाऱ्यांना सेटवर मोठी गोड नावं असतात. ड्रेसदादा, मेकअपदादा, लाइटदादा, सेटिंगदादा, स्पॉटदादा. सगळे दादा! दादा म्हणायला पैसे पडत नाहीत. त्या दादाचं पाकीट मात्र तीन तीन महिने अडकतं. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या सिनेमा-टीव्ही कामगारांच्या महासंघानं संप केला, तो वेळेवर मजुरी आणि कामाचे तास यांसाठीच. त्याच्या पुढच्या महिन्यात मालिकांचं काम थांबलं, वाहिन्यांना जुने भाग पुन्हा दाखवावे लागले. तेव्हा घराघरात कळलं की सासू-सुनांच्या मागे कुणीतरी दिवे धरून उभं असतं. दिवा धरणाऱ्यानं हात खाली घेतल्यावरच तो दिसतो, हा आपल्या देशाचा कायदा आहे.

आणि आपल्या वाहिन्यांची पारितोषिकं? स्वतःच्याच मालिकांना, स्वतःच्याच मंचावर. सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट सून, सर्वोत्कृष्ट जोडी. सासूच्या चेहऱ्यावर तीन वेळा वीज चमकवणारा संकलक कुठे आहे? ती वीज कडाडवणारा ध्वनीवाला कुठे आहे? अमेरिकेत त्यांना दुसरी पंगत तरी आहे. इथे बहुतेकांना तेही नाही.

अमेरिकेच्या पडद्यामागे मुंबईही आहे, हे विसरू नका. तिकडच्या सिनेमा-मालिकांचं 'रोटो'चं काम इथे येतं. रोटो म्हणजे एकेका चौकटीत माणसाच्या आकृतीभोवती रेघ ओढायची. सेकंदाला २४ चौकटी. वातानुकूलित खोलीत बसून केलेली हमालीच ती, फक्त पाठीऐवजी डोळे जातात. 'लाइफ ऑफ पाय'चा वाघ ज्या ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनीनं केला, तिची ऑफिसं मुंबई आणि हैदराबादलाही होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्या वाघाला ऑस्कर मिळालं, आणि त्याच महिन्यात कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला होता. ऑस्करच्या मंडपाबाहेर शेकडो कामगार फलक घेऊन उभे. आत पारितोषिक घेणाऱ्यानं कंपनीच्या हालाचा विषय काढला, तेवढ्यात वाजंत्री वाढवली आणि माइक बंद. नरभक्षक शार्कच्या सिनेमाचं संगीत वाजवून त्याला खाली उतरवला! वाघ बनवणाऱ्याला शार्कनं गिळला. यापेक्षा सरळ कविता मला लिहिता येणार नाही.

नाव

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. पोटात कापसाच्या गाठी, सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान मेले. त्यांच्या आठवणीत आजही देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. पाळलाच पाहिजे, त्यांच्या धैर्याला तोड नाही. पण त्या दिवशी धक्क्यावर बोजे उचलणारे जे मेले, त्यांचं काय? सगळे मिळून मेले किती, याचेच अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत आहेत. पाचशे माणसांचा फरक! सोन्याच्या विटा मात्र मोजलेल्या होत्या, पुढे गाळातून निघाल्या की परत केल्या जात. वीट मोजली जाते, कारण ती कुणाच्या तरी वहीत आहे. हमाल कुणाच्या वहीत नव्हता.

म्हणून माझ्या लेखी या सगळ्या भानगडीत पुतळ्यापेक्षा नाव मोठं. मालिका संपली की नावांची यादी येते ना, तिला श्रेयनामावली म्हणतात. श्रेय! आणि त्या श्रेयाचं काय करतात? वाहिनीवर ती चिंबवून कोपऱ्यात ढकलतात, उरलेल्या जागेत पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात. नावं अशी धावतात की ज्याचं नाव त्यालाही वाचता येऊ नये. आणि मोबाइलवरच्या नव्या वाहिन्यांनी तर कमालच केली. शेवटचं दृश्य संपतं न संपतं तोच 'पुढचा भाग ५ सेकंदांत', आणि यादी बोटाच्या नखाएवढी. दोनशे माणसांची मेहनत पाच सेकंदांत गटारात. एमी वर्षातून एकदा येतो. हा अपमान रोज, प्रत्येक भागानंतर होतो, आणि आपण स्वतः बोट दाबून तो करतो.

माझं म्हणणं तीन गोष्टींचं आहे.

एक. नाव वाचता येईल अशा वेगानं आणि अशा अक्षरात आलं पाहिजे. ट्रकवाल्याचं आणि चहावाल्याचंसुद्धा. यादीत चौथी पंगत नको.

दोन. पारितोषिक वाटणाऱ्या प्रत्येकानं त्या कामाचे तास आणि थकलेली मजुरी यांचा हिशोब मागावा. ज्या मालिकेनं माणसांना सोळा तास राबवलं, पैसे बुडवले, तिला 'उत्कृष्ट तंत्र' म्हणायचं नाही. झोप चोरून केलेलं काम कितीही देखणं असो, ते चोरीचं आहे.

तीन. तंत्र शिकायचं. कॅमेरा, कात्री, ध्वनी, रोटो, सगळं. आपल्या पोरांनी कविता लिहिल्या, कथा लिहिल्या, आत्मकथनं लिहून मराठीचा पाया हलवला. पण पडद्यावर आपण अजून दुसऱ्याच्या प्रकाशात दिसतो. प्रकाश कुठून टाकायचा हे ज्याच्या हातात, चेहरा कसा दिसणार हेही त्याच्याच हातात. वस्तीतल्या ज्या पोराच्या हाताला यंत्राची सवय आहे, त्याला हमालीच्या रांगेत उभं करण्याआधी या रांगेत उभं करा. आणि रांगेत शिरलात तर जेसी मेपलसारखं वागा. आत गेल्यावर दार लावून घेऊ नका.

वाचकांपैकी कितीतरी जण गोरेगाव, मढ, मीरा रोड, नायगावच्या सेटांवर काम करतात, मला माहीत आहे. दिवे चढवतात, कपडे इस्त्री करतात, केबल ओढतात. त्यांनी या अंकाकडे लिहावं. काम काय करता, किती तास करता, पैसे किती दिवसांनी मिळतात. नाव छापायची भीती वाटत असेल तर नुसतं काम लिहा. आणि बाकीच्यांनी आज रात्री जे काही बघाल, ते संपल्यावर यादी शेवटपर्यंत चालू द्या. दोन मिनिटं लागतात. बोट आवरा आणि वाचा.